दहाचे दोनशे चोपन्न कसे झाले?

विज्ञान प्रदर्शनाच्या आदल्या दिवसाची गोष्ट. एका माध्यमिक शाळेत आम्ही दोघे-तिघे मदतीला गेलो होतो. शाळेच्या प्रयोगशाळेत टेबलावर मावेल असे एक छोटे सीएनसी यंत्र आहे. सीएनसी यंत्र म्हणजे संगणकाकडून आलेल्या आकड्यांप्रमाणे चालणारे यंत्र. वरती फिरणारा कटर, खाली ॲल्युमिनियमचा पाट. पाटावर प्लायवूड आवळून बसवायचे आणि आकड्यांनी सांगायचे, की इतके उजवीकडे जा (त्याला एक्स म्हणतात), इतके मागे जा (वाय), इतके खाली उतर (झेड). या यंत्राची धाव ३०० मि.मी. लांब आणि १८० मि.मी. रुंद.

नववीतल्या एका मुलीने शाळेच्या नावातले पहिले अक्षर कोरण्यासाठीचे हुकूम स्वतः कागदावर लिहून आणले होते. तयार चित्र उचलून नव्हे, तर आलेखाच्या कागदावर अक्षर काढून आणि एकेका टोकाचे निर्देशांक वाचून. आम्हाला तिचे कौतुक वाटले. पहिल्या दोन ओळी अशा होत्या (यंत्राला त्या रोमन लिपीत द्याव्या लागतात, येथे देवनागरीत लिहितो):

जी० एक्स१० वाय५
जी१ झेड-१ एफ१००

म्हणजे, पुढच्या डाव्या कोपऱ्यापासून १० मि.मी. उजवीकडे आणि ५ मि.मी. मागे जा. मग मिनिटाला १०० मि.मी. या वेगाने लाकडात १ मि.मी. खोल उतर. कटरचे टोक तिने आधीच हाताने लाकडाच्या थोडे वर उचलून ठेवले होते. सगळे बरोबर होते. बटण दाबले. कटर डाव्या कोपऱ्याजवळ थांबण्याऐवजी भलत्याच दिशेला, पार उजव्या टोकाकडे गेला. तेव्हाच यंत्र थांबवायला हवे होते. पण आम्ही गप्पांत होतो. दुसऱ्या क्षणी कटर सहा मिलिमीटरचे प्लायवूड आरपार भेदून खालच्या पाटात घुसला आणि कट्‌कन मोडला.

आमच्यापैकी एकाच्या तोंडून लगेच निघून गेले, "दशांश चिन्ह चुकलंय बघ तुझं." तिने कागद पुढे केला. "नाही सर, एकच मिलिमीटर लिहिलंय." कागद दोनदा तपासला, दशांश चिन्ह कोठे नव्हतेच. तरी आम्ही म्हणत राहिलो, की टाइप करताना काहीतरी झाले असेल. ती काही बोलली नाही. तिने पट्टी घेतली आणि कोपऱ्यापासून भोकापर्यंतचे अंतर मोजले. उजवीकडे २५४ मि.मी. आणि मागे १२७ मि.मी. कागदावर तिने दोन भागाकार केले. २५४ भागिले १० आणि १२७ भागिले ५. दोन्हींचे उत्तर एकच आले: २५.४.

येथून पुढे तिला आमची गरज नव्हती. २५.४ म्हणजे एका इंचातले मिलिमीटर. तिने मिलिमीटर म्हणून लिहिलेले आकडे यंत्राने इंच म्हणून वाचले होते. खोलीही १ मि.मी.ऐवजी १ इंच झाली होती. एवढेच नाही, तर उतरण्याचा वेगही मिनिटाला १०० मि.मी.ऐवजी १०० इंच समजला गेला होता. यंत्राच्या कमाल वेगाच्या मर्यादेने तो अडला, इतकेच.

पण यंत्राला इंच कोणी शिकवला? ते समजण्यासाठी यंत्राच्या पोटात काय चालते हे पाहायला हवे.

खरे तर यंत्राला इंचही कळत नाही आणि मिलिमीटरही कळत नाही. त्याला कळते ते फक्त पाऊल. या यंत्रांतल्या मोटारी स्टेपर जातीच्या असतात. विजेच्या एका ठोक्याला अशी मोटार १.८ अंश फिरते आणि थांबते. पूर्ण फेऱ्याला ३६० भागिले १.८, म्हणजे २०० पावले. मोटारीला वीज पुरवणारे मंडल प्रत्येक पावलाचे आणखी बारीक तुकडे करू शकते. समजा आठ तुकडे केले, तर एका फेऱ्याला १६०० छोटी पावले झाली. मोटारीच्या दांड्याला आटे पाडलेला एक लांब स्क्रू जोडलेला असतो आणि स्क्रू फिरला की त्यावरचे नट पुढे सरकते. छोट्या यंत्रांत बहुधा ८ मि.मी. व्यासाचा असा स्क्रू असतो, की त्याच्या एका फेऱ्यात नट ८ मि.मी. सरकते. मग १ मि.मी. सरकायला १६०० भागिले ८, म्हणजे २०० पावले. हा २०० चा आकडा यंत्राच्या नियंत्रकात लिहून ठेवावा लागतो. यंत्र उभारताना करायचे सर्वांत महत्त्वाचे गणित हेच.

येथे एक जागा घसरण्याची आहे. त्या स्क्रूचे दोन शेजारचे आटे मोजले, तर त्यांच्यातले अंतर २ मि.मी. भरते. मग एका फेऱ्यात नट २ मि.मी. सरकायला नको का? नको, कारण त्यावर एक नव्हे, तर चार आटे एकमेकांशेजारून वेढे घेत गेलेले असतात, पेढीच्या वेणीसारखे. एका फेऱ्यात नट चार आट्यांची अंतरे ओलांडते. ज्याने २ मि.मी. धरून गणित केले, त्याच्या यंत्रावर प्रत्येक वस्तू चौपट मोठी होते. अशा वेळी पुस्तक शोधण्यापेक्षा स्क्रूवर पेनने खूण करावी, हाताने बरोबर एक फेरा द्यावा आणि नट किती सरकले ते पट्टीने पाहावे.

आता हुकमांकडे येऊ. आकड्यांवर चालणारे मिलिंग यंत्र अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीने १९५२ मध्ये लोकांसमोर चालवून दाखवले. अमेरिकेतल्या कारखान्यांचे माप इंच, आणि युरोपातल्या बहुतेकांचे मिलिमीटर. म्हणून या यंत्रांच्या भाषेत दोन्हींची सोय झाली. 'जी२०' हा हुकूम दिला की पुढचे आकडे इंच, 'जी२१' दिला की मिलिमीटर. (राष्ट्रांच्या जी-२० गटाशी याचा काही संबंध नाही, आणि काही जुन्या यंत्रांवर याच कामाला जी७० आणि जी७१ असे हुकूम असतात.) गंमत अशी, की आकड्याला स्वतःचे एकक चिकटलेले नसते. 'एक्स१०' मध्ये दहा काय, हे लिहिलेलेच नाही. ते वर कोठेतरी एकदाच सांगितलेले असते आणि पुन्हा बदलेपर्यंत लागू राहते. वर्गात आपण सांगत असतो, "एकक लिहिलं नाही तर अर्धा गुण जाईल." येथे अख्खी भाषाच एकक न लिहिता चालते.

त्या शाळेतल्या यंत्रावर जीआरबीएल नावाची नियंत्रक प्रणाली आहे. छंद म्हणून यंत्रे बनवणाऱ्यांत ती फार वापरली जाते. ती सुरू होते तेव्हा स्वतःहून मिलिमीटर धरते. त्यामुळे मुलीने जी२१ लिहिला नाही तरी एरवी चालून गेले असते. पण त्या सकाळी आमच्यातल्याच एकाने परदेशातून उतरवून घेतलेली एक तयार नक्षी यंत्रावर चालवून पाहिली होती. तिच्या पहिल्या ओळीत जी२० होता. नक्षी इंचांतच असल्याने ती व्यवस्थित उमटली. त्या फायलीच्या शेवटी 'काम संपले' असा एम३० हुकूमही होता. आमची समजूत अशी, की काम संपले म्हणजे पाटी कोरी झाली. तसे नसते. त्या हुकमाने यंत्राच्या काही गोष्टी मूळ स्थितीला येतात, पण एकक त्यांत नाही. यंत्र बंद करून पुन्हा सुरू करेपर्यंत, किंवा कोणी जी२१ म्हणेपर्यंत, इंच तसाच डोक्यात बसून राहतो. मुलीने 'एक्स१०' म्हटले, यंत्राने दहाला २५.४ ने गुणले, पुन्हा २०० ने गुणले, आणि २,००० पावलांऐवजी ५०,८०० पावले इमानाने टाकली. मोडलेल्या कटरचा धनी कोण, हे आता उघड झाले.

या गुणाकाराच्या साखळीत एकक तीन ठिकाणी शिरते, हे लक्षात ठेवावे. चित्र काढताना, हुकूम देताना, आणि 'एका मिलिमीटरला किती पावले' हे नियंत्रकात भरताना. तिसऱ्या ठिकाणी जीआरबीएल फक्त मिलिमीटरच मानते. तुम्ही जी२० दिलेला असला तरी. काहीजण इंचात काम करायचे म्हणून तेथे इंचाला लागणारी पावले भरतात, आणि पुन्हा २५.४ चा फेरा सुरू होतो.

आता या २५.४ कडेच जरा पाहू. आपल्यापैकी अनेकांनी फळ्यावर "१ इंच म्हणजे सुमारे २.५४ सेंटिमीटर" असे लिहिले असेल. त्यातला 'सुमारे' पुसायला हरकत नाही. पूर्वी तो खरा होता. १८९३ पासून अमेरिकेत एका मीटरचे ३९.३७ इंच धरत, त्यामुळे तिथला इंच २५.४ मि.मी.हून किंचित मोठा, सुमारे २५.४०००५ मि.मी. होता. ब्रिटनचा इंच मोजला असता २५.४ हून किंचित लहान भरे. स्वीडनच्या कार्ल एडवर्ड योहानसन याने अतिशय अचूक पोलादी मापठोकळे बनवून कारखान्यांना विकले, तेव्हा त्याने मधला सोपा आकडा घेतला: २५.४. कारखान्यांनी तो मानला आणि सरकारांनी नंतर. १ जुलै १९५९ पासून अमेरिका, ब्रिटन आदी इंग्रजी भाषक देशांच्या करारानुसार इंच म्हणजे नेमके २५.४ मि.मी., ना कमी ना जास्त. म्हणजे आजच्या इंचाची व्याख्याच मीटरवर उभी आहे. आपल्याकडे तोपर्यंत १९५६ चा कायदा होऊन ऑक्टोबर १९५८ पासून दशमान वजने-मापे टप्प्याटप्प्याने येऊ लागली होती.

२५.४ नेमका असला तरी सोयीचा मात्र नाही. त्याचा अपूर्णांक १२७/५ होतो, आणि १२७ ही मूळ संख्या आहे. हे कोणाला नडते? लेथवाल्याला. लेथचा मुख्य स्क्रू इंची आट्यांचा असेल आणि त्यावर मिलिमीटरचे आटे पाडायचे असतील, तर दंतचक्रांच्या जोडीत १२७ कोठूनतरी यायला हवा. १२७ चे अवयव पडत नाहीत, म्हणून लहान चक्रे एकत्र करून ते गुणोत्तर साधता येत नाही. बरोबर १२७ दातांचे चक्रच लागते. ते मोठे असते आणि छोट्या लेथमध्ये मावत नाही. मग कारागीर ६३ दातांच्या चक्रावर काम भागवतात: १२७/१०० ऐवजी ८०/६३. भागाकार करून पाहा. १.२७ ऐवजी १.२६९८४ येतो, चूक आठ हजारात एक.

सीएनसी यंत्रात हे चक्र गेले आणि त्याच्या जागी नियंत्रकातला एक आकडा आला. पण १२७ तेथेही पाठ सोडत नाही. अमेरिकेत छंदाच्या यंत्रांसाठी इंचाला १० आटे असलेला स्क्रू सहज मिळतो. असा स्क्रू कोणी बसवला, तर एका इंचाला १० फेरे, म्हणजे १६,००० पावले. आणि एका मिलिमीटरला १६,००० भागिले २५.४. मुलांना हा भागाकार हाताने करायला द्या. ६२९.९२१२५९... संपतच नाही. कोणीतरी नक्की म्हणेल, "सर, ६३० धरू या." धरले तर काय होईल? ६३० गुणिले २५.४ म्हणजे १६,००२. सोळा हजारांत दोन जास्त, म्हणजे आठ हजारात एक! लेथवाल्याच्या ६३ दातांच्या चक्राचीच ही चूक. लोखंडात होती, ती आकड्यात आली. ३०० मि.मी. लांबीत ती सुमारे ०.०४ मि.मी. भरते. लाकडात ती दिसणारही नाही. पितळेचे दंतचक्र कापायचे असेल, तर मात्र ६२९.९२१ असे पूर्ण लिहावे. नियंत्रक दशांश अपूर्णांक घेतो.

२५.४ पटीची चूक एका अर्थी बरी. ती लपत नाही. कटर मोडते, अक्षराचा ठिपका होतो, मोटारी टोकाला जाऊन किरकिरतात. आम्हाला भीती वाटते ती लहान चुकांची. इंकस्केप हे चित्र काढण्याचे मोफत सॉफ्टवेअर घ्या. त्यात २०१७ च्या आरंभी आलेल्या ०.९२ आवृत्तीपर्यंत एका इंचात ९० बिंदू धरत. त्या आवृत्तीपासून ९६ धरू लागले. जुन्या आवृत्तीत बिंदूंत काढलेले १०० मि.मी.चे चित्र ९६ धरणाऱ्या सॉफ्टवेअरने वाचले, तर ते ९३.७५ मि.मी. होते. इंचाचा येथे उघड संबंध दिसत नाही, पण चूक आली ती इंचाच्याच वाटेने. त्रिमिती छपाईसाठी वापरतात त्या एसटीएल फायलींत तर एककाची नोंदच नसते. ज्या शाळांत अटल टिंकरिंग लॅबचा त्रिमिती मुद्रक आहे, तेथे हे सहज करून दाखवता येईल: एकच फाइल एकदा इंच आणि एकदा मिलिमीटर म्हणून उघडा. छापायचीही गरज नाही, पडद्यावरच कळते.

९३.७५ असे माप आले की पुष्कळजण यंत्राचाच दोष समजतात आणि 'एका मिलिमीटरला किती पावले' हा आकडा वाढवून माप जुळवून घेतात. ते एक चित्र नीट येते, आणि पुढची सगळी बिघडतात. आमचे मत असे, की पावलांचा आकडा मोटार आणि स्क्रू यांच्या गणितातून येतो. स्क्रू बदलला नसेल तर त्याला हात लावू नये. स्क्रू घरी बनवलेला असेल किंवा पट्ट्यावर चालणारे यंत्र असेल, तर थोडी दुरुस्ती लागू शकते. तेव्हा यंत्राला १०० किंवा २०० मि.मी. अंतर जायला सांगावे, ते व्हर्नियरने वा चांगल्या पोलादी पट्टीने मोजावे, आणि जुन्या आकड्याला 'सांगितलेले भागिले मोजलेले' या गुणोत्तराने गुणावे. पण हे गुणोत्तर १.००५ सारखे असेल तरच. ते २५.४, ४ किंवा १६/१५ असे ओळखीचे निघाले, तर दुरुस्ती यंत्रात नव्हे, एककांत शोधावी.

शेवटची गोष्ट कटरची. त्या दिवशी मोडलेल्या कटरच्या जागी दुसरा बसवायचा होता. मुलांनी ३ मि.मी.चा कोलेट काढला, म्हणजे कटरचा दांडा पकडणारी बाही. दांडा आत जाईना. वर्गात बाके दुरुस्त करायला आलेले सुतारकाका बघत उभे होते. त्यांनी कटर हातात घेऊन बोटांत फिरवला आणि म्हणाले, "तीन कुठला, हा एक सूत आहे." सुतारकामात इंचाचे आठ भाग करतात आणि एका भागाला सूत म्हणतात. २५.४ भागिले ८ म्हणजे ३.१७५ मि.मी. छोट्या यंत्रांच्या कटरचा दांडा जगभर बहुतेक याच मापाचा, इंचाचा अष्टमांश असतो. काका मिलिमीटरच्या भानगडीत न पडता अचूक बोलले होते.

हे माप आकडेमोडीतही सांभाळावे लागते. काही कटरची धारही दांड्याइतकीच, एक सुताची असते. सॉफ्टवेअरला आपण ३ मि.मी. सांगितले आणि धार ३.१७५ ची असली, तर खाच ०.१७५ मि.मी. जास्त रुंद होते आणि तिच्यात बसणारी जीभ तितकीच बारीक. दोन्ही मिळून ०.३५ मि.मी.चा फट. खोकी जोडताना ती हलत राहतात, आणि मुले लाकडाला दोष देतात. मोटारींतही असेच आहे. 'नेमा १७' या नावातले १७ म्हणजे तोंडाची चौकट १.७ इंचाची, पण तिचा दांडा बहुधा ५ मि.मी.चा. तिच्याहून मोठ्या 'नेमा २३' चा दांडा पुष्कळदा ६.३५ मि.मी., म्हणजे पाव इंच, म्हणजेच दोन सूत. ६ मि.मी.ची जोडणी मागवली तर ती चढत नाही. मागवण्याआधी दांडा व्हर्नियरने मोजावा, नावावर जाऊ नये.

प्रदर्शन झाले. अक्षर दुसऱ्या कटरने कोरले, पहिल्या ओळीत जी२१ लिहून. तो कागद मुलीनेच यंत्राच्या शेजारी भिंतीवर डकवला. मोडलेल्या टोकाने पाटात पाडलेला खड्डा अजून तसाच आहे. त्या शाळेत नवी मुले यंत्राकडे आली, की बाई काही न सांगता त्यांच्या हातात पट्टी देतात, पुढचा डावा कोपरा दाखवतात, आणि भिंतीवरच्या कागदातली 'एक्स१० वाय५' ही ओळ वाचायला सांगतात.